वीतभर अंतराचा इतिहास

जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटेत वाटूर लागते. इथल्या फाट्यावरून परतूरकडे रस्ता फुटतो, त्यामुळे फाट्यावर सदा कोणी ना कोणी गाडीची वाट पाहत उभे असते. गेल्या दिवाळीनंतर मीही असाच उभा होतो. सोबत एक जुना मित्र होता. जवळच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात तो भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, “हे ऐक, आणि मला सांग, पाच हजारांत दुसरं कोणतं यंत्र बसेल?”

मी ऐकले. आधी पंखा ऐकू आला. मग बाक सरकल्याचा आवाज. खडू फळ्यावर टेकतो तो टक टक आवाज अगदी स्वच्छ. आणि या सगळ्याच्या मागे, विहिरीच्या तळातून यावा तसा, माझ्या मित्राचा आवाज. तो न्यूटनचा दुसरा नियम समजावून देत होता एवढे कळले, पण ते मला तो नियम आधीपासून ठाऊक होता म्हणून.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवे. त्याच्या वर्गातली काही मुले दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. पुस्तक जवळ असते, पण पुस्तकातला उतारा उलगडून सांगणारा माणूस नसतो. मोबाइल मात्र आता बहुतेक प्रत्येक कोपीवर एखादा तरी असतो. तेव्हा तासच रेकॉर्ड करून पाठवले तर? सहकाऱ्यांनी मिळून वर्गणी काढली, एक चांगलासा रेकॉर्डर आणला, पहिल्या बाकावर ठेवला, आणि हाती हे आले.

यंत्र वाईट नव्हते, हे मला ऐकताच कळले. पंखा इतका स्वच्छ टिपणारे यंत्र वाईट कसे असेल? पण तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर राहून गेले. ते इथे देतो. उत्तर तसे एका वाक्याचे आहे, पण ते पटायचे तर थोडे मागे, म्हणजे दीडशे वर्षे मागे, जावे लागेल.

एडिसनने १८७७च्या अखेरीस फोनोग्राफ बनवला. फिरत्या नळकांड्यावर कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला, त्यावर एक सुई, आणि सुईला जोडलेला पडदा. पडद्यासमोर बोलले की तो थरथरतो, सुई पत्र्यावर कमीजास्त खोल चर पाडते. पुढल्याच वर्षी, १८७८ साली, एडिसनने एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून या यंत्राचे कायकाय उपयोग होतील याची यादी दिली. पत्रे सांगून लिहवणे, अंधांसाठी बोलकी पुस्तके, घरातल्या माणसांचे आवाज जपणे, संगीत. त्या यादीत शिक्षणही आहे. शिक्षकाने केलेला खुलासा साठवून ठेवावा, म्हणजे विद्यार्थ्याला हवा तेव्हा तो पुन्हा ऐकता येईल, अशी ती कल्पना. म्हणजे माझ्या मित्राला आज जे हवे आहे ते या यंत्राच्या जन्मापासूनच्या यादीत आहे. मग ते घडायला इतकी वर्षे का लागली?

पहिली अडचण जोराची. त्या काळच्या यंत्रात वीज नव्हती. सुईने चर पाडायला जी ऊर्जा लागते ती सगळी बोलणाऱ्याच्या आवाजातूनच यायची. आपल्या बोलण्यात ऊर्जा किती असते? अगदीच नगण्य. म्हणून तोंड यंत्राच्या कर्ण्यापाशी नेऊन मोठ्याने बोलावे लागे. वीतभर दूर गेले की चर उथळ, हातभर दूर गेले की चरच नाही. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांच्यासारख्या गायिकांचे आवाज मुद्रित केले, तेही कर्ण्यात तोंड घालूनच. या तबकड्यांतला एक भाग मला फार आवडतो. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगते. मुद्रण इथे व्हायचे आणि तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही सोय होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरी अडचण वेळेची. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे. आपल्याकडच्या महाविद्यालयातला तास ४८ मिनिटांचा. म्हणजे एका तासाला सोळा बाजू, आणि दर तीन मिनिटांनी वक्त्याने थांबायचे. असे व्याख्यान कोण देणार, आणि कोण ऐकणार?

म्हणून त्या काळी व्याख्यान टिपले जाई ते हातानेच. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर इथे स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. ती सरकारच्या लघुलेखकांनी उतरवून घेतली आणि त्यांच्याच आधारावर टिळकांवर राजद्रोही भाषणांबद्दल कारवाई सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयापुढे आवाज नव्हता, होता तो कागद. भाषण तोंडचे, निवाडा कागदावरच्या शब्दांचा.

दुसरे उदाहरण तर प्रत्येक मराठी शिक्षकाच्या कपाटात सापडेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून ते उतरवून घेतले साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळाले ते त्यांच्या लेखणीमुळे. जरा विचार करा, कोणी त्या वेळी विनोबांपुढे यंत्र ठेवायचे म्हटले असते तर काय ठेवले असते? त्या काळात त्या तुरुंगात साने गुरुजींपेक्षा चांगले ध्वनिमुद्रणयंत्र मिळणे शक्य नव्हते. तरी एक गोष्ट त्यात नाही. विनोबा कुठे थांबले, कुठे आवाज खाली आणला, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आता अडचण क्रमांक तीन, आणि माझ्या मित्राला नडली ती हीच. ती यंत्रात नाही, खोलीत आहे.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधून तयार झाले. दिसायला सुंदर, पण तिथे बोललेले काही म्हणजे काही कळेना. वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत त्याचे पुढचे दहाबारा शब्द येऊन त्यावर पडत. हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबाइन नावाच्या एका तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याच्याकडे साधने कोणती? ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे घड्याळ आणि स्वतःचे कान. दिवसा गोंगाट असे, म्हणून तो रात्री काम करी. नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचे. रिकाम्या सभागृहात तो वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास भरला! मग त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, थोड्याथोड्या मांडत गेला आणि प्रत्येक वेळी मोजत गेला. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर.

यातून जो नियम निघाला तो सोपा आहे. आवाज विरायला लागणारा वेळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि खोलीतल्या शोषक पृष्ठभागाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटर वापरले तर घनफळाला ०.१६ने गुणायचे आणि शोषणाने भागायचे. शोषण मोजायला सॅबाइनने आधी गाद्या वापरल्या, पुढे एक चमत्कारिक एकक घेतले : उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी हा एक चौरस मीटर पूर्ण शोषक.

हा नियम आपल्या वर्गाला लावून पाहू. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोली म्हणजे १६८ घनमीटर. भिंतीला गुळगुळीत गिलावा, खाली फरशी, वर स्लॅब. यातले काहीच आवाज फारसे शोषत नाही. सगळे मिळून अंदाजे १० एकके धरू. ०.१६ × १६८ ÷ १० म्हणजे जवळजवळ २.७ सेकंद. आता वर्गात चाळीस मुले आणून बसवा. एक मूल अंदाजे ०.४ एकक शोषते, म्हणजे १६ एककांची भर. वेळ लगेच १ सेकंदावर उतरतो. सॅबाइनच्या गाद्यांचे काम आपल्याकडे मुले करतात. शांतता मिळावी म्हणून रविवारी रिकाम्या वर्गात जाऊन तास रेकॉर्ड करणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. त्यांना शांतता मिळते, पण प्रतिध्वनी जवळजवळ तिप्पट वेळ रेंगाळतो. खिडक्या उघडल्या तर प्रतिध्वनी कमी होतो आणि फाट्यावरचे ट्रॅक्टर आत येतात. काहीतरी एक निवडावेच लागते.

आणि आता अंतर. तोंडातून निघालेला आवाज पसरत जातो, त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे आपण मुलांना शिकवतोच. वीत म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर धरा. माझ्या मित्राचा रेकॉर्डर पहिल्या बाकावर होता, तो फळ्यापाशी. मध्ये सुमारे चार मीटर, म्हणजे वीसपट अंतर. सरळ पोचणारा आवाज चारशेपट क्षीण. पण पंख्याचा आवाज आणि भिंतींवरून फिरून येणारा गोंगाट सगळ्या खोलीत जवळजवळ सारखाच भरलेला असतो, तो बाकावरही तेवढाच आणि फळ्यापाशीही तेवढाच. अशा खोलीत बोलणाऱ्यापासून अर्धा-पाऊण मीटरपलीकडे गेले की सरळ आलेल्या आवाजापेक्षा भिंतींवरून आलेला आवाज जास्त होतो. त्यापुढे यंत्र पाच हजारांचे असो की पन्नास हजारांचे, ते विहीरच टिपणार. महागडे यंत्र विहीर अधिक बारकाईने टिपेल, एवढाच फरक.

मग आपण स्वतः पहिल्या बाकावर बसलो असताना आपल्याला कसे नीट ऐकू येते? आपल्याला दोन कान आहेत आणि त्यांच्या मागे मेंदू आहे. आवाज कोणत्या दिशेने येतो ते ओळखून मेंदू नको ते मागे सारतो. बाकावरच्या यंत्राला ही निवड येत नाही.

विजेने पहिली अडचण संपवली. १९२५च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण रूढ झाले. मायक्रोफोनने आवाज टिपायचा आणि प्रवर्धकाने वाढवायचा, त्यामुळे कर्ण्यात तोंड घालायची गरज उरली नाही. दुसरी अडचण संपवली चुंबकीय फितीने. जर्मनीत १९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चढवून फीत केली, १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांनी पाहिला. आता तासभर न थांबता बोलता येऊ लागले.

या फितीने टिपलेली जगातली सर्वांत गाजलेली व्याख्याने भौतिकशास्त्राचीच आहेत. १९६१ ते १९६३ या काळात रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवले. प्रत्येक तास फितीवर घेतला गेला, आणि त्याबरोबर फळ्याचे फोटोही काढले गेले. फितींवरून लेखन झाले, त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर पुष्कळ हात फिरवला आणि तीन खंड तयार झाले. फितीही सांभाळून ठेवल्या होत्या, त्या आता इंटरनेटवर ऐकता येतात. इथे मला महत्त्वाचे वाटतात ते फळ्याचे फोटो. ही व्याख्याने टिपणाऱ्यांना एक गोष्ट आधीच उमजली होती : शिक्षक अर्धे तोंडाने बोलतो आणि अर्धे फळ्याशी बोलतो. यंत्राला फक्त पहिले अर्धे कळते.

मग स्वस्ताई कोठून आली? दोन ठिकाणांहून. पहिले ठिकाण सगळ्यांना माहीत आहे, कॅसेट. फिलिप्स कंपनीत लू ऑटन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती बनवली, १९६३ साली बर्लिनला दाखवली. ऑटन्सने म्हणे आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला आणि यंत्र एवढेच हवे असे सांगितले. दुसऱ्या कंपन्यांना ही कॅसेट बनवायची मोकळीक मिळाली, म्हणून ती जगभर एकाच मापाची राहिली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती गावोगाव पोचली. भीमगीते, भजने, कीर्तने, कथाकथन, शिवचरित्रावरची व्याख्याने यांच्या कॅसेटी जत्रेत मिळू लागल्या.

दुसरे ठिकाण कमी लोकांना माहीत आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी ‘इलेक्ट्रेट’ मायक्रोफोन बनवला. लोखंडाला जसे कायमचे चुंबकत्व देता येते, तसाच काही प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांना विद्युतभार देऊन तो वर्षानुवर्षे टिकवता येतो. असा पापुद्रा एका धातूच्या पट्टीसमोर ताणून बसवला की झाला मायक्रोफोन. आधीच्या संधारित्र मायक्रोफोनला बाहेरून मोठा दाब पुरवावा लागे, याला तो लागत नाही. हा मायक्रोफोन डाळीच्या दाण्याएवढा करता येतो आणि त्याची किंमतही तशीच. आपल्या टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात जाळीमागे जो बारका ‘कंडेन्सर माइक’ असायचा तो हाच. आणि तो दाण्याएवढा असल्यामुळेच सदऱ्याला टाचता येतो. गळ्यात अडकवायचे मायक्रोफोन १९५०च्या दशकातही होते, पण ते ताईत नव्हेत, लोलकच म्हणावेत इतके जड होते.

या टेपरेकॉर्डरमध्ये आणखी एक सोय असे, आणि तिने शिक्षकांना फार छळले. आवाज कमीजास्त झाला तर यंत्र आपोआप प्रवर्धन वाढवी किंवा घटवी. बोलणारा बोलत असला की ठीक. तो श्वास घ्यायला थांबला की यंत्राला वाटे आवाज बारीक झाला, ते प्रवर्धन वाढवी, आणि पंखा एकदम गर्जना करू लागे. जुन्या कॅसेटी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही समुद्राच्या लाटेसारखी भरती-ओहोटी आठवेल. आजच्या पुष्कळ मोबाइलमध्येही हे चालू असते. इलाज एकच. माइक तोंडाजवळ असला की आवाज मुळात इतका मोठा येतो की यंत्राला प्रवर्धन फार वाढवावेच लागत नाही.

महाराष्ट्रात साध्या माणसांचे आवाज पद्धतशीर जमवण्याचे जे मोठे काम झाले ते व्याख्यानांचे नव्हे, जात्यावरच्या ओव्यांचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सुरुवातीला हे सगळे वहीत लिहूनच चालले होते, साने गुरुजींच्या पद्धतीने. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींतले जाणकार त्यांना येऊन मिळाले, आणि डिजिटल फितीवर सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. यातले काही वाटूरपासून फार लांबचे नाही. परतूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी ओलांडली की माजलगाव तालुका. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली मुद्रित झाल्या आहेत. ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या आता सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्या आहेत. वहीत ओवीचे शब्द होते. चाल, मध्येच शब्द लांबवणे, एकीने सुरू करून दुसरीने उचलणे हे सारे फितीने दिले.

पण या कामाचा खरा कणा वेगळाच आहे, असे मला वाटते. ओवी कोणाची, कोणत्या गावची, कशाबद्दलची, याची प्रत्येकीची नोंद त्यांनी ठेवली. नोंद नसती तर १२० तासांच्या फितींचे काय झाले असते? गौहर जान यांनी स्वतःचे नाव उच्चारले तेच हे. माझ्या मित्राच्या मोबाइलमध्ये त्या दिवशी एकतीस फायली होत्या, सगळ्यांची नावे यंत्राने दिलेली, आकडेच आकडे. कोणत्या फायलीत गतीचे समीकरण आहे हे त्यालाही सांगता येईना, मग तीनशे मैलांवरच्या पोराने काय करायचे?

सरकारी पातळीवर शिक्षणासाठी जे झाले त्याचा भर चित्रावर होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. शाळांसाठी त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, ती २०१७ साली बंद पडली. चित्र आले की स्टुडिओ आला, दिवे आले, खर्च आला, आणि हे सगळे वाटूरला येणे शक्य नव्हते. याच्या उलट वाट मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने धरली. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या या कामात शिक्षकाचा चेहरा दिसतच नाही. संगणकाचा पडदा दिसतो आणि आवाज ऐकू येतो. साधारण दहा मिनिटांचा एकेक पाठ, आधी लिहून काढलेला, मग सावकाश वाचलेला, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत. जोडणी कमकुवत असली, शिकणारा एकटा असला तरी चालावे, हा त्यामागचा विचार. ४८ मिनिटांचा तास जसाच्या तसा उचलून पाठवण्यापेक्षा त्याचे चार तुकडे करावेत हे मी इथूनच शिकलो.

आता मित्राच्या पाच हजारांकडे येऊ. त्यातले चार हजार वाचवता येतील. तारेचा कॉलर माइक पाचशे ते हजार रुपयांत चांगला मिळतो. घरात पडलेला जुना मोबाइल खिशात, माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली. घेताना पिन नीट पाहावी. पिनेवर काळ्या रेघा दोन असतील तर ती कॅमेऱ्याच्या कामाची, तीन असतील तर मोबाइलच्या. दोन रेघांची पिन बहुतेक मोबाइलमध्ये घातली तर मोबाइल स्वतःचाच माइक वापरत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. नव्या पुष्कळ मोबाइलला गोल भोकच नसते, त्याला मधला जोड लागतो. बिनतारी माइक सोयीचा खरा, पण तो चार्ज करायची आठवण ठेवावी लागते आणि महागही पडतो. माइकवर स्पंजची टोपी ठेवावी. पदराखाली किंवा ओढणीखाली माइक दडवू नये, कापड घासल्याचा आवाज वीज कडाडल्यासारखा येतो. मोबाइल विमान-मोडवर ठेवावा, नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि मुद्रण थांबते.

फाइल किती मोठी ठेवायची यालाही हिशेब आहे. ४८ मिनिटांचा तास कच्च्या स्टिरिओ स्वरूपात घेतला तर सुमारे ५०० एमबी होतो. तोच एका वाहिनीत, सेकंदाला ३२ किलोबिट या दराने दाबून ठेवला तर साडेअकरा एमबी. बोलणे समजायला एवढे पुरते. गाण्याला पुरणार नाही, पण आपण गात नाही.

हे खरे की खोटे ते वर्गातच करून पाहा. एका मुलीला पुस्तकातला एकच उतारा तीनदा वाचायला सांगा. एकदा मोबाइल वीतभर अंतरावर, एकदा हातभर अंतरावर, एकदा शेवटच्या बाकावर. मग पंखा बंद करून पुन्हा तीनदा. मुद्रणे दुसऱ्या वर्गातल्या मुलांना ऐकवा आणि किती शब्द कळले ते लिहायला सांगा. आकडे मांडले की आलेख निघेल, आणि व्यस्त वर्गाचा नियम पाठ करायची गरज राहणार नाही.

मी मित्राला हे सारे फोनवर सांगितले. त्याने आठवडाभरात माइक आणला. नंतरच्या फाइलीत पंखा आहे, पण तो दूर कुठेतरी. आवाज जवळचा, अगदी शेजारी बसून बोलावे तसा. सुरुवातीला तो तारीख, प्रकरण आणि भाग सांगतो. मुलांनी विचारलेला प्रश्न माइकला ऐकू जात नाही, म्हणून तो प्रश्न स्वतः मोठ्याने पुन्हा उच्चारतो आणि मगच उत्तर देतो. वर्गातल्या मुलांनाही त्याचा फायदा झाला, कारण पुढच्या बाकावरचा प्रश्न मागच्यांना एरवी कधीच ऐकू जात नसे.

डिसेंबरात सांगलीकडच्या एका फडावरून त्याच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. रात्री कोपीत तिने दोन भाग ऐकले होते, वडिलांनीही ऐकले म्हणे. आवाज स्वच्छ होता. तिची अडचण दुसरीच होती : “सर, तुम्ही म्हणता ‘हे इथून उचलायचं आणि इथं ठेवायचं’. कुठून उचलायचं अन् कुठं ठेवायचं?”

तेव्हापासून तो तास संपला की फळ्याचा फोटो काढतो, आणि ‘इथून’ म्हणायच्या ऐवजी ‘डावीकडचा एम’ म्हणतो. सवय अजून पूर्ण मोडलेली नाही.